कोळ्याचा धागा, टाकीतले जीवाणू आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात सिंथेटिक बायोलॉजी (सजीवांची जनुकं हवी तशी रचण्याचं शास्त्र) आणि निसर्गावरून सुचलेलं तंत्रज्ञान या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझं सगळं काम फर्मेंटरवर, म्हणजे जीवाणू आणि यीस्ट वाढवण्याच्या मोठ्या टाक्यांवर झालं. त्यामुळे काही उत्तरं तिकडे जास्त रमली आहेत.

कोळ्याच्या जाळ्याचा धागा पोलादापेक्षा मजबूत असतो, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. मग तो अजून दोरीच्या किंवा कापडाच्या रूपात सर्रास का मिळत नाही? एवढासा कोळी जे करतो ते एवढ्या मोठ्या प्रयोगशाळांना का जमू नये?
*— निवृत्त विज्ञान शिक्षक*

सर, तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे. फक्त 'वजनाच्या मानाने' एवढं त्यात घाला. कोळी स्वतः लोंबकळायला आणि जाळ्याची चौकट उभारायला जो धागा वापरतो, त्याची ताण सोसण्याची ताकद चांगल्या पोलादाच्या जवळपास जाते. पोलादाची घनता त्याच्या सहापट, म्हणून तेवढ्याच वजनात धागा कितीतरी पुढे निघून जातो. पण माझ्या मते खरी कमाल आहे ती त्याच्या चिवटपणात. हा धागा तुटण्याआधी जवळजवळ ३० टक्के ताणला जातो आणि तोवर जी ऊर्जा शोषून घेतो ती बुलेटप्रूफ जाकिटांतल्या केवलार धाग्याच्या सुमारे तिप्पट भरते. जाळ्याचे आरे याच धाग्याचे असतात, म्हणून वेगात आलेली माशी आदळली तरी जाळं फाटत नाही.

रेशमाच्या किड्यांसारखे कोळी पाळता येत नाहीत, कारण एकत्र ठेवले की ते एकमेकांना खातात. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत एक सोनेरी कापड मांडलं होतं. मादागास्करमधल्या दहा लाखांहून जास्त कोळ्यांच्या धाग्यातून ते विणलेलं होतं. कोळी पकडायचे, धागा काढून घ्यायचा, परत सोडून द्यायचे. साडेतीन मीटरच्या आसपास लांबीच्या त्या कापडाला चार वर्षं लागली. बघायला अपूर्व, पण उद्योग म्हणून हा रस्ता तिथेच संपतो.

म्हणून लोक जनुकाकडे वळले. कोळ्याचं जनुक काढायचं, जीवाणूत घालायचं, टाकीत वाढवायचं. ऐकायला सरळ वाटतं. या धाग्याचं प्रथिन तीन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं असतं आणि त्यात ग्लायसिन व अ‍ॅलानिनचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात. एकच ओळ शंभरदा उतरवून काढताना माणसाच्या हातून जशा मधल्या ओळी गळतात, तसे जीवाणूकडूनही नक्कल करताना मधले तुकडे गळतात आणि पिढ्यांमागून पिढ्या जनुक आखूड होत जातं. शिवाय एवढं ग्लायसिन एकदम जोडायचं तर ते वाहून आणणारे आरएनए पेशीत अपुरे पडतात. २०१० मध्ये दक्षिण कोरियाच्या 'काइस्ट' संस्थेतल्या गटाने ई. कोलाय जीवाणूत या आरएनएचा पुरवठाच वाढवला, आणि तेव्हा कुठे कोळ्याच्या मूळ प्रथिनाएवढं लांब प्रथिन जीवाणूतून निघालं. त्याआधी कॅनडात एका कंपनीने शेळ्यांमध्ये हे जनुक घालून दुधातून प्रथिन काढून पाहिलं होतं. प्रथिन मिळालं, कंपनी टिकली नाही.

इथपर्यंत जी अडचण होती ती जनुकाची. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रथिन हातात आलं म्हणजे धागा हातात आला असं होत नाही.

कोळ्याच्या पोटातल्या ग्रंथीत हे प्रथिन पाण्यात विरघळलेलं असतं, आणि द्रावण इतकं दाट की शंभर मिलिलिटरमध्ये ३० ते ५० ग्रॅम प्रथिन. प्रयोगशाळेत एवढं दाट करायला गेलं तर त्याच्या गुठळ्या होतात. कोळ्याच्या ग्रंथीत होत नाहीत. तिथून ते एका वळणावळणाच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या नळीत शिरतं. नळीच्या एका टोकाला पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ७.६ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला ५.७ च्या आसपास. वाटेत सोडियम आणि क्लोराइड काढून घेतलं जातं, पोटॅशियम आणि फॉस्फेट वाढतं, पाणी शोषलं जातं. प्रथिनाच्या दोन टोकांना दोन वेगळे तुकडे असतात. आम्लता वाढली की एका टोकाचे तुकडे जोडीजोडीने एकमेकांना धरतात आणि दुसऱ्या टोकाचे उलगडतात. नळी अरुंद होत जाते तसतसे रेणू एका दिशेला ताणले जातात आणि त्या ताणातच घट्ट होतात. कोळी हा धागा आतून ढकलत नाही. पायांनी किंवा स्वतःच्या वजनाने तो बाहेर ओढतो. हे सगळं साध्या तापमानाला, पाण्यात, क्षणभरात घडतं.

सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळांनी काय केलं? प्रथिन गुठळ्यांच्या रूपात मिळायचं, ते हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉलसारख्या जहाल द्रावकात विरघळवायचं आणि पिचकारीतून मेथनॉलमध्ये सोडायचं. धागा निघायचा, पण प्रथिनाची मूळ घडी द्रावकातच मोडलेली. पदार्थ कोळ्याचा होता, रीत मात्र आपल्या नायलॉनच्या कारखान्याची होती. मग चिवटपणा कुठून येणार?

२०१७ मध्ये स्वीडनमधल्या अ‍ॅना रायझिंग आणि जान योहान्सन यांच्या गटाने उलट बाजूने विचार केला. त्यांनी मधला लांबलचक भाग छाटला, पण दोन्ही टोकं जपली. एक टोक एका जातीच्या कोळ्याचं, दुसरं दुसऱ्या जातीचं. निवडताना पाण्यात विरघळणं आणि पीएचला प्रतिसाद देणं हेच पाहिलं. हे छोटं प्रथिन पाण्यात कोळ्याच्या ग्रंथीइतकंच दाट राहिलं, आणि निमुळत्या काचेच्या नळीतून आम्लधर्मी पाण्यात सोडताच त्याचा धागा झाला. एक लिटर कल्चरमधून, म्हणजे जीवाणू वाढवलेल्या द्रवातून, एक किलोमीटर धागा. त्याची ताकद खऱ्या धाग्याच्या बरीच खाली आहे, कारण प्रथिन आखूड आहे. तरी मला हा प्रयोग आजवरच्या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदा कोळ्याच्या नळीचं काम नीट समजून घेतलं गेलं.

आज जीवाणू-यीस्टमधून काढलेली कोळ्याच्या धाग्याची प्रथिनं सौंदर्यप्रसाधनांत वापरात आहेत, काही कपडेही झाले आहेत. पोलादाशी तुलना होईल असा धागा टाकीतून टनावारी निघायला मात्र लांब प्रथिन आणि कोळ्याची कताई या दोन्ही गोष्टी एकत्र जमाव्या लागतील.

सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे जेनेटिक इंजिनिअरिंगचंच नवं नाव ना?
*— औषधनिर्मितीत काम करणारी वाचक*

बरंचसं तेच. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक रसायनांपासून जुळवून ई. कोलायमध्ये घातलं गेलं आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून मान्य झालं. त्याआधी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत असत. आज कोणी हेच काम पहिल्यांदा केलं असतं तर त्याला सिंथेटिक बायोलॉजी म्हटलं असतं.

फरक पडला तो २००० साली. एकाच अंकात 'नेचर'मध्ये दोन लेख आले. एकात दोन जनुकं एकमेकांना दाबून धरतात आणि पेशी या किंवा त्या स्थितीत थांबते, दिव्याच्या बटणासारखी. दुसऱ्यात तीन जनुकांचं कडं: पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं परत पहिल्याला. त्यामुळे जीवाणू ठरावीक काळाने हिरवा उजळतो आणि विझतो. इथे नुसतं जनुक उचलून ठेवलेलं नाही, गणित मांडून वर्तन रचलेलं आहे. त्याच प्रयोगात हेही दिसलं की शेजारच्या दोन पेशी सारखं जनुक असूनही एका तालात लुकलुकत नाहीत. पेशीतला हा गोंगाट पुढे स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

आणि या शास्त्राला आपल्या अज्ञानाचं माप घेता येतं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. अमेरिकन शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१० मध्ये दहा लाखांहून जास्त अक्षरांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीचा सगळा डीएनए, रसायनांपासून बांधून एका जीवाणूच्या पेशीत बसवला. एका महत्त्वाच्या जनुकात एकच अक्षर गळलं होतं, तेवढ्याने काम अडून राहिलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी तो जीनोम छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणला. यातली बहुतेक जनुकं अशी, की काढली तर पेशी मरते किंवा नीट वाढत नाही. त्यांतली १४९ जनुकं नेमकं काय करतात हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. आपण स्वतः जुळवलेल्या सर्वांत साध्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपल्याला कळलेला नव्हता.

निसर्गाने ३८० कोटी वर्षं प्रयोग करून प्रत्येक रचना परिपूर्ण केली आहे, असं आम्हाला डिझाइनच्या अभ्यासक्रमात शिकवतात. मग आपण डोळे मिटून तिची नक्कल का करू नये?
*— वास्तुकलेचा विद्यार्थी*

डोळे उघडे ठेवून करावी, एवढंच माझं म्हणणं. उत्क्रांती परिपूर्णतेकडे जात नाही. त्या वेळी, त्या जागी, हाताशी असलेल्या साहित्यातून तग धरण्यापुरतं जे जमलं ते टिकतं. झाडांच्या हिरव्या पानात हवेतला कार्बन धरून ठेवणारं एन्झाइम आहे, रुबिस्को. जगातलं जवळपास सगळं अन्न त्याच्यातून येतं. चपळ एन्झाइमं सेकंदाला हजारो अभिक्रिया करतात, हे जेमतेम तीन ते दहा. वर कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि मग झाडाला ती चूक निस्तरायला ऊर्जा खर्चावी लागते. ते घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन नगण्य होता. पुढे हवा बदलली. एन्झाइमने वेग आणि निवड यांत काही तडजोडी केल्या, पण ही खोड त्याला पुरती सोडता आली नाही.

दुसरी गोष्ट, ज्या नकलांची उदाहरणं तुमच्या पुस्तकांत असतात त्यांतल्या काहींची मूळ कथाच पुढे बदलली आहे. झिंबाब्वेतल्या हरारेमधली ईस्टगेट सेंटर ही इमारत, १९९६ ची, वास्तुविशारद मिक पिअर्स. वाळवीच्या वारुळात गरम हवा वर चढून निघून जाते आणि आतलं तापमान स्थिर राहतं, या कल्पनेवरून ती सुचली. रात्रीची थंड हवा जाडजूड काँक्रीटमधून खेळवायची, दिवसा तोच थंडावा वापरायचा. इमारत उत्तम चालते. पण स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी वारुळांत मोजमापं केली तेव्हा दिसलं की वाळवीच्या घराचं तापमान आजूबाजूच्या जमिनीबरोबर ऋतूनुसार वरखाली होतं, आणि वरचं वारूळ प्रामुख्याने श्वासासाठी आहे. वाऱ्याच्या झुळकांच्या चढउतारावर आतली हवा बदलते, फुफ्फुसासारखी. म्हणजे वास्तुविशारदाने चुकीच्या समजातून चांगली इमारत बांधली, आणि वारुळाची खरी युक्ती अजून वापरायची बाकी आहे. तुझ्या पिढीने उचलावं असं हे काम आहे.

नामिब वाळवंटातल्या किड्याचंही तसंच. पाठीवरच्या उंचवट्यांवर धुकं टिपून तो पाणी पितो, असं २००१ मध्ये गाजलं. पुढे निरीक्षणांत दिसलं की धुक्यात डोकं खाली घालून उभे राहतात ते दुसऱ्याच प्रजातीचे किडे, आणि त्यांच्या पाठीवर उंचवट्यांची ती नक्षी नाही. उंचवट्यांचा पृष्ठभाग मात्र प्रयोगात धुकं टिपतो, त्यामुळे संशोधन वाया गेलं नाही.

शार्कच्या कातडीवरून केलेले पोहण्याचे पोशाख घे. हार्वर्डमध्ये जॉर्ज लॉडर यांच्या प्रयोगशाळेत तो कपडा पन्हळीतल्या वाहत्या पाण्यात तपासला. सुलट लावला काय नि उलटा लावला काय, खडबडीतपणाचा फायदा दिसला नाही. खऱ्या शार्कच्या कातडीवरचे बारीक दात घासून काढले तेव्हा मात्र तिचा वेग घटला. शार्कच्या दातांना कडा असतात, ते हलतात, आणि शार्क स्वतः वळवळत पोहतो. कपड्यात यातलं काहीच उतरलं नव्हतं. याउलट विमानांच्या अंगावर चिकटवायची जी पन्हळीदार फिल्म २०२२ पासून प्रवासी विमानांवर लागली, तिने शार्ककडून एकच गोष्ट घेतली: प्रवाहाच्या दिशेने धावणाऱ्या ५० मायक्रोमीटर उंचीच्या सरी. इंधनात साधारण १ टक्का बचत. आकडा लहान वाटेल, पण लांब पल्ल्याच्या विमानाच्या वर्षभराच्या इंधनावर तो टनांत मोजतात.

जपानच्या शिंकान्सेन गाडीचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीसारखं आहे, हे तुला माहीत असेलच. तिथे इंजिनिअर एइजी नाकात्सु यांच्या चमूने आधी अडचण पक्की केली: बोगद्यात वेगाने शिरताना हवेचा दाब वाढतो आणि दुसऱ्या तोंडाला स्फोटासारखा आवाज होतो. मग वेगवेगळ्या आकारांची टोकं नळीत सोडून दाबाच्या लाटा मोजल्या. मोजमापातून निघालेला आकार चोचीशी जुळला. याच क्रमाने तू काम करावंस असं मला वाटतं.

प्रयोगशाळेतल्या चंबूत छान चालणारा जीवाणू कारखान्यात का फसतो?
*— केमिकल इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी*

तुझा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा होता, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

चंबू हलवला की हवा सगळीकडे पोचते. टाकीत तसं होत नाही. ३७ अंशांना एक लिटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. दाट वाढलेलं कल्चर तो काही सेकंदांत संपवतं, म्हणून हवा अखंड भरावी लागते आणि पंख्याने तिचे बुडबुडे फोडत राहावं लागतं. त्यातून फेस येतो. फेस वर चढून फिल्टर ओला करतो, म्हणून अँटीफोम घालावा लागतो. अँटीफोम जास्त झाला की ऑक्सिजन विरघळणं कमी होतं. पेशी उष्णता सोडतात ती वेगळीच. टाकी मोठी होते तसं आकारमान झपाट्याने वाढतं आणि थंड करायचा पृष्ठभाग त्या मानाने कमी पडतो. साखर एका नळीतून पडते; त्या नळीजवळच्या पेशी भरपेट खाऊन अ‍ॅसिटेट हा टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतात आणि तळाच्या पेशी उपाशी राहतात. एकाच टाकीत एकाच वेळी दोन्ही.

पण हे सगळं इंजिनिअरिंगने सांभाळता येतं. सांभाळायला खरी कठीण आहे ती उत्क्रांती. आपण जीवाणूला एक जनुक देतो ते बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर. ते प्रथिन करण्यात पेशीचा काही फायदा नाही, उलट ओझं. चुकून एखाद्या पेशीने विभागताना प्लाझ्मिड गमावलं की ती हलकी होते आणि भराभर वाढते. एक मिलिलिटरच्या गोठवलेल्या कुपीपासून एक लाख लिटरच्या टाकीपर्यंत पोचायचं म्हणजे नुसतं आकारमान धरलं तरी पेशींना २६-२७ वेळा दुप्पट व्हावं लागतं. आळशी पेशींना टाकीवर राज्य करायला तेवढ्या पिढ्या पुष्कळ होतात.

आणि टाकी बाहेरून काहीच सांगत नाही. गढूळपणा झकास, ऑक्सिजनचा आलेख नेहमीसारखा, वासही तोच. खरं कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशीचा नमुना पातळ करून दोन प्रकारच्या अगार प्लेटवर (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) पसरलेला असतो: एक साधी, एक अँटिबायोटिक घातलेली, जिच्यावर प्लाझ्मिड असलेल्या पेशीच वाढू शकतात. दोन्ही उजेडाकडे धरायच्या आणि वसाहती मोजायच्या. साधीवर शंभर आणि दुसरीवर तीस दिसल्या, तर टाकीतल्या दहातल्या सात पेशी आपलं काम सोडून नुसतं खात आहेत. अशा सकाळी आमच्या विभागात कोणी फारसं बोलत नसे. म्हणून शहाणे लोक जनुक थेट जीवाणूच्या गुणसूत्रात बसवतात, किंवा आधी पेशी वाढवून घेतात आणि उत्पादनाचं बटण शेवटी दाबतात.

हे सगळं सांभाळूनही एखादा प्रकल्प बाजारात अडू शकतो. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून मिळतं. बर्कलेमध्ये जे कीजलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये यीस्टकडून त्याच्या आधीचा पदार्थ, आर्टेमिसिनिक आम्ल, करून घेतला. २०१३ पर्यंत लिटरमागे २५ ग्रॅम निघू लागला, जे यीस्टकडून काढलेल्या अशा पदार्थासाठी विलक्षण आहे. इटलीत कारखाना उभा राहिला. त्या काळात शेतात पिकणाऱ्या आर्टेमिसिनिनचा पुरवठा वाढून भाव पडला, यीस्टचं महाग ठरलं, आणि कारखाना विकला गेला. विज्ञान तसूभरही कमी पडलं नव्हतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण पीक बुडालेल्या वर्षी हाच कारखाना आधार झाला असता.

असा घडवलेला जीव प्रयोगशाळेबाहेर निसटला तर?
*— दोन मुलांची आई*

बहुतेक घडवलेले जीवाणू बाहेर फार टिकत नाहीत, त्याचं कारण वरच्या उत्तरातच आहे: लादलेलं ओझं त्यांना झेपत नाही. त्यावर भिस्त ठेवून बसू नये हेही खरं. पेशीला आत्मघाताचं जनुक दिलं तर तेही उत्परिवर्तनाने बंद पडतं. २०१५ मध्ये दोन गटांनी जास्त भक्कम उपाय दाखवला. त्यांनी ई. कोलायची प्रथिनं अशी रचली की निसर्गात नसलेलं एक अमिनो आम्ल बाहेरून मिळालं नाही तर ती पेशी जगूच शकत नाही.

मला जास्त काळजी मुद्दाम केलेल्या गैरवापराची वाटते. २००२ मध्येच न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकच्या शास्त्रज्ञांनी पोलिओचा विषाणू नुसत्या ज्ञात क्रमावरून रसायनांपासून जुळवून दाखवला होता. आज डीएनएचे तुकडे मागणी नोंदवून तयार मिळतात. अनेक कंपन्या मागणीतला क्रम घातक जिवांशी ताडून पाहतात. माझं स्पष्ट मत आहे की हे जगात सगळीकडे कायद्याने सक्तीचं असायला हवं.

एक गोष्ट धीर देणारी. सजीवांतली प्रथिनं 'डाव्या' घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. सगळं उलट घडणीचं, आरशातल्या प्रतिमेसारखं, असा जीवाणू कोणी तयार केला तर प्राण्यांची आणि वनस्पतींची प्रतिकारशक्ती त्याला ओळखूच शकणार नाही, अशी भीती आहे. असा जीवाणू अजून कोणी केलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एकत्र लिहिलं की तो करूच नये. त्यांतल्या काहींनी स्वतः त्या दिशेने काम केलं होतं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅसिलोमारच्या परिषदेत जनुक जोडणाऱ्यांनी स्वतःहून थांबून नियम ठरवले होते, तीच परंपरा ही.

निसर्गाकडून आपण इतकं घेतो. त्याला परत काही मिळतं का?
*— एक वाचक*

एक उदाहरण माझ्या टेबलावरचं. इंजेक्शनच्या औषधात जीवाणूंच्या भिंतीचे अवशेष, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहिले तर रुग्णाला जोराचा ताप येतो. पूर्वी ते सशांना टोचून तपासत. नंतर हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्ताचा उपयोग सापडला. एंडोटॉक्सिनचा अंश मिळाला तरी ते रक्त गोठतं. छोट्या परीक्षानळीत त्याचा अर्क आणि नमुना घालायचा, ३७ अंशांवर तासभर अजिबात न हलवता ठेवायचा, आणि मग नळी एका झटक्यात पूर्ण उलटी करायची. जेल तळाला धरून राहिली तर बॅच नापास. ओघळली तर पास. ती नळी उलटी करताना हात आपोआप जपून चालतो, कारण खाली कोणाचं तरी औषध असतं.

त्यासाठी दरवर्षी लाखो प्राणी पकडून रक्त काढलं जातं, आणि सोडल्यावर त्यांतले काही मरतात. सिंगापूरमध्ये डिंग जिक लिंग आणि हो बाव यांनी त्या रक्तातलं एंडोटॉक्सिन ओळखणारं प्रथिन, फॅक्टर सी, जनुकावरून पेशींमध्ये तयार केलं. युरोपियन फार्माकोपियाने, म्हणजे युरोपच्या औषधांच्या मानक ग्रंथाने, २०२१ पासून ते स्वतंत्र पद्धत म्हणून स्वीकारलं. शोध १९९० च्या दशकातला, मान्यता एवढ्या उशिरा. ही चाल वेगाने पसरावी असं मला फार वाटतं.

कमळाच्या पानासारखे स्वतः स्वच्छ होणारे पृष्ठभाग यावर प्रकल्प करायचा आहे. घरी काय करता येईल?
*— अकरावीतली मुलगी*

कमळाचं नाही मिळालं तरी अळूचं पान चालेल, त्याचा गुण तोच. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा धूळ न धरणारी पानं गुळगुळीत नसून खडबडीत निघाली: मायक्रोमीटरमध्ये मोजायचे उंचवटे आणि त्यांवर मेणाच्या त्याहून कितीतरी बारीक नळ्या. थेंब त्या टोकांवर तरंगतो, खाली हवा अडकलेली राहते. धूळही टोकांवरच असते, म्हणून घरंगळता थेंब ती सोबत घेऊन जातो. या तत्त्वावरचा बाह्य भिंतींचा रंग १९९९ मध्ये बाजारात आला.

तू असं कर. पान झाडावरच असू दे, तोडू नकोस. त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरव, ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोड आणि पान हळूहळू तिरकं कर. थेंब गेलेली वाट स्वच्छ दिसेल. मग शेजारच्या कोऱ्या भागावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून बघ. तो पसरतो, कारण साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाणी खाचांत शिरतं. आता तिसऱ्या जागी बोटाने थोडं दाबून चोळ. मेणाच्या नळ्या चेपतात आणि साधा थेंबही तिथे चिकटून बसतो. मोबाइलने जमिनीलगत, बाजूने फोटो काढलास तर थेंब पानाला किती अंशांत टेकतो ते कोनमापकाने मोजता येईल.

खरा प्रकल्प मात्र यानंतर आहे. भिंतीवरच्या रंगाची अशी नक्षी झिजली की झिजली. जिवंत पान मेण पुन्हा पाझरू शकतं. सगळ्याच वनस्पतींना ते जमत नाही, काहींची फक्त कोवळी पानं ते करतात. म्हणून एक कोवळं आणि एक जून पान निवड, दोन्हींवर चोळलेल्या जागेभोवती पेनाने वर्तुळ कर, आणि दोन आठवडे दर दोन दिवसांनी त्याच जागी थेंब सोडून कोन मोज. चोळण्याचा दाब दोन्हींवर सारखा राहील एवढं सांभाळ. आकडे आले की पाठव, पुढच्या अंकात छापू.